विचारायचा हक्क

चष्मेवाल्याच्या घरातला फोन वर्षातून एकदाच खऱ्या अर्थानं वाजायचा. एरवी वाजायचा तो चुकून, नाहीतर कुणाला तरी काहीतरी गळ्यात मारायचं असायचं म्हणून. पण ज्या तारखेला त्यानं ते घर विकत घेतलं होतं, त्या तारखेला दरवर्षी सकाळचा चहा होतो न होतो तोच घंटी वाजायची आणि पलीकडून एक बाई, कसे आहात वगैरे काही न विचारता, थेट मुद्द्यालाच हात घालायच्या.

"काय, विकताय का घर?"

"नाही."

"बरं. जिन्याची तिसरी पायरी अजून वाजते का?"

"वाजते."

"वाजू दे. ठेवते."

आणि खरंच ठेवून द्यायच्या. या बाई म्हणजे घराच्या आधीच्या मालकीण. सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेलेली, त्यामुळे ओळखीचे सगळे त्यांना टेलिफोनबाई म्हणत. लोकांचे परगावचे फोन जोडून द्यायचे, तीन मिनिटं झाली की मध्ये तोंड घालून सांगायचं, "वेळ संपली, वाढवायची का?" असं त्यांचं काम. दुसऱ्यांचं बोलणं जोडण्यात जन्म गेला आणि स्वतः बोलायची वेळ आली की बाईंना तीन मिनिटंसुद्धा उधळपट्टी वाटायची.

घर विकलं तेव्हा त्यांचे यजमान नुकतेच गेले होते. मुलगा म्हणाला, आई, एकटी कशाला राहतेस, माझ्याकडे चल. त्याचं काही चुकलं नाही. बाई वकिलाच्या टेबलाशी बसल्या, पेन हातात घेतलं आणि सही करायच्या जागी अडल्या.

"एक अट घाला," त्या म्हणाल्या. "हे जेव्हा कधी घर विकतील, तेव्हा आधी मला विचारायचं. मी नको म्हटलं तरच दुसऱ्याला द्यायचं."

म्हातारे वकील म्हणाले, घालता येते, याला अग्रहक्क म्हणतात. बाहेरचं गिऱ्हाईक जो भाव देईल त्याच भावाला आधी बाईंना घर द्यायचं आणि हो की नाही ते सांगायला बाईंना एक महिना. चष्मेवाला तेव्हा तरुण होता. आईला घेऊन दोन मजली घरात यायचं, मग लग्न करायचं, मग घर भरायचं, असा सगळा बेत त्यानं मनात मांडून ठेवलेला. विकण्याचा प्रश्न येतोच कुठे? त्यानं न वाचता मान डोलावली. मात्र दरवर्षी फोन करून विचारायचं, असं त्या कागदात कुठेही नव्हतं. तेवढं बाईंनी पदरचं घातलं.

सुरुवातीला चष्मेवाल्याला या फोनचा राग यायचा. आई तर म्हणायची, त्या बाईचा अजून घरावर डोळा आहे, जपून राहा. मग आई गेली. लग्नाचं आज बघू, उद्या बघू करता करता लोकांनी विचारायचंच सोडून दिलं. वरचा मजला रिकामा तो रिकामाच राहिला. दुकानात दिवसभर माणसं त्याच्या नाकासमोर नाक आणून बसायची, तो एकामागून एक काचा बदलायचा आणि विचारायचा, "हे स्पष्ट दिसतंय, की हे?" रोज हाच प्रश्न, शेकडो माणसांना. त्याला उलट कुणी काही विचारलं नाही. का विचारावं? चष्मा करायला आलेला माणूस चष्मा करून जातो.

पुढे दुकानही एका पोराला विकलं, हत्यारांची पेटी तेवढी घरी आणली. आणि मग एका वर्षी त्याच्या लक्षात आलं की त्या तारखेला आपण दाढी करून, धुतलेला सदरा घालून फोनशेजारी बसलोय. फोनवर सदरा दिसत नाही, हे त्याला कळत नव्हतं थोडंच! पण कळून कुणाचं काय थांबतं.

हे असंच चाललं असतं, पण गुडघ्यांनी दगा दिला. एकदा तो जिन्यातच बसला आणि उठता उठेना. वर जाता येईना, खाली उतरवेना, हाक मारावी तर मारायची कुणाला. अर्ध्या दिवसानं भाची सहज डोकावली म्हणून सुटका झाली. ही भाची, बहिणीची मुलगी, हिशेबनीस होती आणि फार कामाची बाई. तिनं तिथल्या तिथे फर्मान काढलं.

"मामा, आता पुरे. आमच्याच इमारतीत दोन खोल्यांचा फ्लॅट रिकामा आहे. लिफ्ट आहे. हे घर काढून टाका."

तिनं दलाल गाठला, दलालानं गिऱ्हाईक आणलं. दातांचे डॉक्टर, त्यांची बायको, दोघंही हसतमुख. खाली दवाखाना, वर राहायचं, असा त्यांचा विचार. भाव ठरला, फ्लॅटचा विसार दिला गेला. सगळं इतकं भराभर झालं की चष्मेवाल्याला आपण हो कधी म्हटलं तेच आठवेना. कागद बघायला वकिलाकडे गेले. म्हातारे वकील आता नव्हते, त्यांचा मुलगा खुर्चीत होता. त्यानं जुना करार चाळला आणि थांबला.

"ही बाई कोण?"

दलालानं कपाळावर हात मारून घेतला. "आता ही कुठून उपटली?"

"काळजी करू नका," वकील म्हणाला. "बाई आता म्हाताऱ्या असतील. घर कशाला घेतायत? विचारा, नको म्हणतील, सही घेऊन या. औपचारिकता आहे."

इतक्या वर्षांत चष्मेवाल्यानं बाईंना स्वतःहून कधी फोन केला नव्हता. नंबर मात्र पाठ होता. त्या दिवशी केला.

"मी बोलतोय. चष्मेवाला."

"आज कशी काय आठवण? तारीख तर लांब आहे."

"बाई, मी घर विकतोय."

पलीकडे काहीच आवाज नाही. फोन लागलेला होता, श्वास ऐकू येत होता. तीन मिनिटांचा हिशेब ठेवणारी बाई, पण त्या दिवशी तिनं वेळ वाया जाऊ दिला.

"मुदत किती आहे मला?" शेवटी त्यांनी विचारलं.

"महिना."

"मग बघते. घर पाहिल्याशिवाय कसं सांगू?"

आणि त्या खरोखरच आल्या. बसनं आल्या, खांद्याला पिशवी, पिशवीत शिंप्याची मोजपट्टी. त्यानं त्यांना त्या सहीच्या दिवसानंतर पाहिलंच नव्हतं. आवाज होता तसाच होता, माणूस मात्र बरंच आटलं होतं. दारातच त्यांनी घरावर एक जावयासारखी नजर टाकली, सगळ्यात खोट काढायची असल्यासारखी. मग स्वयंपाकघराची खिडकी मोजली, नळ सोडून पाहिला, भिंतीवर बोटाच्या पेरानं टकटक केलं.

"या खिडकीचे पडदे तुम्हीच शिवलेले ना?" चष्मेवाला म्हणाला. "माप तुम्हाला माहीत असेल."

"तेव्हा मी मालकीण होते. आता घेणारी आहे. घेणाऱ्यानं मोजून घ्यावं."

जिना चढताना तिसऱ्या पायरीवर त्या मुद्दाम थांबल्या, जोर देऊन उभ्या राहिल्या. पायरी कुरकुरली. बाईंच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. मग खाली येऊन त्या घरातल्या अरुंद बोळात गेल्या, फोन होता तिथे. फोनशेजारी एक खुर्ची होती, गादी बसून बसून मध्ये खोल गेलेली.

"इथे खुर्ची कशाला? इथे तर उजेडही नाही."

"अशीच."

बाईंनी खुर्चीकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं आणि मोजपट्टी गुंडाळली. "एकदा बघून कळत नाही," त्या म्हणाल्या. "पुन्हा यावं लागेल."

त्या महिन्यात त्या कितीदा आल्या ते दलालाला विचारा. तो बिचारा बोटं मोडत बसला होता. कधी गच्चीचा उतार बघायला, कधी दुपारी ऊन कुठवर येतं ते बघायला, कधी तर उगीचच, मागच्या वेळी पिशवी विसरले म्हणून, आणि पिशवी खांद्यालाच. चष्मेवाला चहा करायचा. चहा झाला की बाई घरातले दोष सांगायच्या, तो घराची बाजू घ्यायचा. असं कुणाशी भांडायला मिळून त्याला वर्षं झाली होती. बाई पैसे कुठून आणणार, हा प्रश्न त्यानं विचारला नाही. बाईंच्या चपलेचा अंगठा तारेनं शिवलेला होता. एवढं दिसायला काही चष्मा लागत नाही.

चष्म्यावरून आठवलं. बाईंचा चष्मा पाहून पहिल्या दिवसापासून त्याचे हात शिवशिवत होते. नाकावरची कमान वाकडी, एक दांडी दोऱ्यानं बांधलेली, काचा तर कुणीतरी डोळे मिटून बसवल्यासारख्या.

"हा चष्मा कुणी केला?" शेवटी त्यानं विचारलंच.

"मुलानं आणला. तयार मिळतात आता."

"काढा तो."

त्यानं पेटी उघडली, काचा बदलायची जुनी चौकट त्यांच्या नाकावर ठेवली आणि बोळातल्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता टांगला. "हे स्पष्ट दिसतंय, की हे?"

"हे." मग थोड्या वेळानं बाई म्हणाल्या, "आमच्या घरात सगळे चांगले आहेत हो. सून बिचारी विचारते, आई जेवलात का. मी म्हणते, जेवले. झालं. त्यापुढे काय बोलायचं? सगळ्यांना कामं असतात, मला तर कामही नाही. माझ्याशी बोलायला काहीतरी कारण लागतं आणि ते कुणाला सापडत नाही."

चष्मेवाला काच बदलत होता. त्याला म्हणायचं होतं, बाई, माझंही तेच आहे. पण तो म्हणाला, "आणि आता हे?"

"हे जास्त स्पष्ट."

नवा चष्मा त्यानं स्वतः घासून, बसवून दिला. तो आनंदात होता, आणि त्याची त्याला लाजही वाटत होती. एका बाईच्या खोट्या घरखरेदीवर आपण असं जगतोय, हे त्याला नीट कळत होतं. पण रोज सकाळी तो दूध जरा जास्तच घ्यायचा.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी बाई आल्या. त्या दिवशी मोजपट्टी नव्हती. सरळ टेबलाशी बसल्या.

"कुठे सही करू?"

"नको म्हणताय?"

"एकटीला फार मोठं आहे." त्यांनी कागद पुढे ओढला. "आणि मला घेता येणारच नव्हतं. तुम्हाला ते माहीत होतं."

"हो."

"मग महिनाभर चहा का पाजलात?"

"कागदात महिना होता."

"इतकंच?"

इथे या माणसानं तोंड उघडायला हवं होतं. आयुष्यभर दुसऱ्यांना स्पष्ट काय दिसतं ते विचारणारा माणूस, पण स्वतःचं स्पष्ट सांगायची वेळ आली आणि बसला मूग गिळून. फ्लॅटचा विसार दिलेला होता, डॉक्टरांना शब्द दिलेला होता, गुडघेही काही बरे झाले नव्हते. ही सगळी कारणं खरी होती. तो म्हणाला, "इतकंच."

बाईंनी सही केली. हक्क सुटला. जाताना तिसऱ्या पायरीकडे त्यांनी पाहिलंही नाही.

डॉक्टर खूश, दलाल खूश, भाची तर जास्तच. चष्मेवाला लिफ्टच्या फ्लॅटमध्ये राहायला आला. फ्लॅट छान होता. उजेड होता, नळाला पाणी होतं, काही म्हणता काही वाजत नव्हतं. भाची खालच्या मजल्यावर. "मामा, काही लागलं तर फोन करा हं," ती खालनंच ओरडून कामाला जायची. त्याला काही लागत नव्हतं. लागेल असं काही शोधावं म्हणून तो कपाटं उघडून बघायचा. मीठ होतं, साखर होती, औषधं होती. संध्याकाळी तो लिफ्टनं खाली जायचा आणि त्याच लिफ्टनं वर यायचा.

मग ती तारीख आली.

त्यानं दाढी केली. धुतलेला सदरा घातला. ती बोळातली खुर्ची त्यानं सोबत आणली होती, ती फोनशेजारी ओढली आणि बसला. नवा नंबर बाईंकडे होता, सामान हलवलं त्याच दिवशी त्यानं कळवला होता. चहा झाला. दुपार झाली. त्यानं फोन उचलून कानाला लावला, की बंद तर नाही. चालू होता. पुन्हा ठेवला. जेवायला उठला नाही, न जाणो तेवढ्यात यायचा. दिवस मावळला तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला: बाई काय म्हणून फोन करतील? विचारायचं होतं ते घर गेलं. विचारायचा हक्क गेला, आणि तो आपणच टेबलावर कागद मांडून, पेन पुढे करून त्यांच्याकडून सोडवून घेतला. घर विकताना आपण नेमकं काय विकलं, ते त्याला आज कळलं. तो खुर्चीत बसून रडला. चांगला हुंदके देऊन रडला, कारण ऐकायला कुणी नव्हतं.

आपणच फोन करावा, हे त्याला सुचलं नाही असं नाही. सुचलं. पण बोलायचं काय? बाई, तुम्ही काही विकताय का? त्यांच्याकडे विकायला होतं काय? कारण नसताना फोन करायचा असतो, हे या दोघांनाही कुणी शिकवलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात तो वकिलाच्या खुर्चीसमोर जाऊन बसला.

"फ्लॅटवर अग्रहक्क लिहून द्यायचाय."

"कुणाला?"

"टेलिफोनबाईंना."

वकिलानं चष्मा वर केला. "त्यांनीच तर आत्ता नको म्हणून सही दिली! त्यांनी मागितला का हा हक्क?"

"नाही."

"अहो, लोक माझ्याकडे असले हक्क कागदातून काढून घ्यायला येतात. तुम्ही आपणहून गळ्यात धोंडा बांधून घेताय. उद्या फ्लॅट विकायचा झाला तर?"

"तर आधी त्यांना विचारीन." चष्मेवाला जरा घुटमळला. "आणि एक कलम वाढवा. विकतोय का, हे त्यांनी वर्षातून एकदा विचारायचं. तेवढं कागदात असू दे या वेळी."

वकील हसायला लागला होता, पण म्हाताऱ्याचा चेहरा बघून त्यानं हसू आवरलं आणि टंकायला घेतलं.

बाईंच्या मुलाचं गाड्या दुरुस्तीचं गॅरेज होतं आणि वर घर. खालून हातोड्याचे आवाज येत होते. दार सुनेनं उघडलं. बाई आतल्या खोलीत, कपाटं आणि शिलाई मशीन यांच्या मधल्या पलंगावर बसल्या होत्या. त्याला बघून त्या उठल्या नाहीत. पदर तेवढा सारखा केला.

"काय हो चष्मेवाले? डॉक्टरांनी घर परत केलं की काय?"

त्यानं कागद पुढे केला. बाईंनी त्यानंच केलेला चष्मा डोळ्यांवर चढवला आणि वाचायला लागल्या. ओळ न ओळ वाचली.

"दोन खोल्या?"

"दोन."

"पायरी वाजते?"

"पायरीच नाही. लिफ्ट आहे. ती जरा घुरघुरते."

बाईंनी पान उलटलं. बोलल्या तेव्हा आवाज नेहमीचा नव्हता. "त्या दिवशी मी फोन उचलला होता. अर्धा नंबर फिरवला. मग म्हटलं, कुठल्या तोंडानं विचारू? मीच सही करून सोडलंय. ठेवून दिला."

"मी दिवसभर बसलो होतो," चष्मेवाला म्हणाला. "जेवलोही नाही." मग, दुकान उघडल्यापासून त्याला जे जमलं नव्हतं ते त्यानं केलं, प्रश्न न विचारता सांगून टाकलं. "बाई, तुमच्या फोनशिवाय मला दुसरं कुणी नाही."

खाली गॅरेजमध्ये कुणीतरी पत्रा ठोकत होतं. बाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा घातला. मग पेन मागून घेतलं. वाढवलेल्या कलमावर त्यांचं बोट थांबलं.

"वर्षातून एकदा?" त्यांनी त्या शब्दांवर सरळ रेघ मारली आणि वर, एक्स्चेंजमध्ये नंबर लिहीत असत तशा ठळक अक्षरात लिहिलं, केव्हाही. शेजारी सही केली. "आता तुम्ही करा. खाडाखोड केली की दोघांच्या सह्या लागतात."

त्यानं केली.

"साक्षीदार हवा," तो म्हणाला.

बाईंनी सुनेला हाक मारली. ती ओले हात पुसत आली, कागद बघितला आणि घाबरलीच.

"आई, तुम्ही फ्लॅट घेताय?"

"घेत नाहीये गं," बाई म्हणाल्या. "विचारत राहणार आहे फक्त. कर सही."